काचेवर ठेवलेली इस्त्री

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कपड्यांत सुया खुपसल्या. आता आठवड्यातून दोनदा एक पोरगेलीशी डॉक्टर माझ्या हातात सुया खुपसते, त्यांना चिमटे लावून वीज सोडते आणि मी मुकाट पडून राहतो. हसा, हसा. पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं.

मी रफूवाला. भोक पडलेला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, सिगारेटनं जळलेली पँट, काहीही आणा. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि एक उभा, एक आडवा असं विणत भोक बुजवायचं. गिऱ्हाईकानं घरी जाऊन भोक शोधत बसलं पाहिजे. या कामाला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त लागतात. वीण कुठं सैल पडली ते बोटाला आधी कळतं, भिंगाला नंतर. आणि माझी बोटं, उगाच विनय कशाला दाखवू, एक नंबर होती.

दहा महिन्यांपूर्वी दुकानातल्या काउंटरची काच फुटली आणि माझं उजवं मनगट कापलं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि करंगळीशेजारच्या बोटाची अर्धी बाजू, एवढ्यांना जाणारी नस तुटली. सर्जननं ती शिवली. हात दिसायला होता तसा, पण बोटं परकी. स्वतःच्या बोटांना हात लावला तर दुसऱ्या कुणाचीतरी धरल्यासारखी वाटायची.

"म्हणजे माझी रफूच केली की," मी सुईवाल्या डॉक्टरला म्हणालो.

"अर्धीच केली, काका," ती म्हणाली. "बाहेरचं आवरण शिवता येतं. आतले हजारो धागे आपापले वाढत जातात, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. त्यातले काही वाट चुकतात. एका बोटाचा धागा दुसऱ्याच बोटात जाऊन पोचतो."

"मग गिऱ्हाईक परत येणार भांडायला."

"मेंदू भांडतो ना! त्याच्याकडे हाताचा नकाशा असतो. हाताकडून निरोप येईनासे झाले की शेजारीपाजारी त्या जागेत पाय पसरतात. मग निरोप परत सुरू झाले तरी मेंदूला उमगत नाही, हे आलं कुठून. या विजेच्या हलक्या ठोक्यांनी त्याला सारखी आठवण करून द्यायची, की बाबा रे, हात आहे अजून, जागा सोडू नकोस."

"होतं का यानं बरं?"

"खात्री देणार नाही. यावर अजून अभ्यास चालू आहे. काहींना फायदा झालेला दिसतो. पण नुसत्या सुयांवर राहू नका. घरी सराव करायचा. डोळे मिटायचे, कुणीतरी बोटाला स्पर्श करायचा, कुठलं बोट ते तुम्ही सांगायचं. चुकायचं, डोळे उघडून बघायचं, परत करायचं. मेंदू त्यातूनच नवी वाट शिकतो."

चुकायचं म्हटल्यावर मी नाक मुरडलं. सहा वर्षं मी माझ्या सुनेला दुकानात काम शिकवत होतो आणि त्या सहा वर्षांत माझ्या तोंडात तीनच शब्द होते. चूक. उसव. परत. गिऱ्हाईक समोर असलं तरी हेच. ती मान खाली घालून उसवायची. मला वाटायचं, असंच शिकवतात.

आता काच कशी फुटली ते सांगतो. तेच सांगायला बसलोय, बाकी सगळा पाल्हाळ आहे.

एक गिऱ्हाईक काळा लोकरीचा कोट बघायला आलं होतं. कोट कोपराला फाटला होता. मी तापानं चार दिवस घरी पडलो होतो, तेव्हा सुनेनं मला न विचारता त्याची रफू पुरी केली होती. गिऱ्हाईक खूष. "मास्तर, तुमचा हात म्हणजे हात आहे हो! मलाच भोक सापडेना." सून माझ्या मागंच उभी होती. "माझी नाही, हिची आहे," एवढंच म्हणायचं होतं मला. नाही म्हणालो. "चालायचंच," म्हणालो. गिऱ्हाईक "तासाभरानं नेतो" म्हणून गेलं आणि मी सुनेला दोरे आणायला आतल्या खोलीत पिटाळलं.

मग भिंग काढलं. कोपर उलटं पाहिलं, सुलटं पाहिलं, ताणलं, उजेडाला धरलं. बोट फिरवलं. चूक सापडेना. एक धागा इकडचा तिकडं नाही. ती आता बाहेर येणार आणि माझ्याकडे बोलायला काही नाही, या विचारानं माझं डोकं असं फिरलं की मी हात उचलला आणि काचेवर आपटला.

हात काचेतून आरपार गेला.

सून धावत आली. रक्ताची धार लागली होती, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? "आई गं" नाही, "धाव" नाही. "इस्त्री ठेवली होतीस ना काचेवर!" असं मी ओरडलो.

सकाळी तिनं खरंच ठेवली होती. दोन मिनिटं. मी खेकसलो, तिनं उचलली. मी स्वतः काचेवर फडकं फिरवलं होतं, साधा ओरखडाही नव्हता. पण ती बिचारी पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "हो बाबा, ठेवली होती."

झालं. सुनेनं गरम इस्त्री ठेवली, काच आतून तडकली, सासऱ्यानं सहज हात टेकला. दवाखान्यात हेच सांगितलं गेलं, नातेवाइकांत हेच. माझा मुलगा नोकरीसाठी लांब असतो. तो फोनवर बायकोला म्हणाला, "एवढी साधी अक्कल नसावी?" फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसून चहा पीत होतो, डाव्या हातानं. प्यायलो सगळा.

सुनेनं तेव्हापासून रफूची सुई हातात धरली नाही. कपडे घ्यायचे, द्यायचे, बटणं लावायची, बस. अवघड काम आलं की परत पाठवायची. काउंटरवर आता प्लायवूड आहे, तरी इस्त्री ती मागच्या कोपऱ्यात जमिनीवर फरशीच्या तुकड्यावर ठेवते आणि उकिडवं बसून कपडे दाबते. आणि माझी सात वर्षांची नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, आईनं टेबलावर साधं पातेलं ठेवलं तरी म्हणते, "आई, जपून हं. नाहीतर आजोबांच्या हातासारखं करशील." मुलं ऐकतात तेच बोलतात. मी तिथंच असायचो. पेपर वाचायचो.

मला काय वाटलं होतं सांगू? हात बरा झाला की विषय मिटला. मग कुणी विचारणार नाही, मला सांगावं लागणार नाही. म्हणून मला हात बरा करायचा होता, आणि लवकर करायचा होता.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. अरुंद पलंग, त्यावर कागदी चादर, डब्याएवढं मशीन, त्याला चार बटणं आणि चार वायरी. सुया दोन जागी. काही कोपराखाली, तिथं माझा हात शाबूत आहे, वीज सोडली की कळतं. काही तळहातात, बोटांच्या मुळाशी. तिथं पहिल्या दिवशी काही म्हणजे काही कळलं नाही. डॉक्टर बटण फिरवत म्हणाली, "आलं की सांगा." सून दाराशी पर्स छातीशी धरून उभी होती. मी म्हणालो, "आलं. मुंग्या येतायत."

एकदा खोटं बोललो आणि पुढं सोपं झालं. डॉक्टर हातापुढे फाईल आडवी धरून बोटांना स्पर्श करायची. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं, त्यात सगळं दिसायचं. घरी सून माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधायची, सैल बांधायची, मला टोचू नये म्हणून. नाकाजवळच्या फटीतून बोटं दिसायची. मी अधूनमधून मुद्दाम एखादं चुकायचो, म्हणजे संशय नको. तेव्हाही ती "चूक" कधी म्हणाली नाही. "जवळ आलात बाबा," म्हणायची. डॉक्टरच्या फाईलमधली रेघ वर वर चढत गेली. "काका, तुम्ही तर कमाल केलीत," ती म्हणायची. आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटायचं.

सहाव्या-सातव्या महिन्यात बोटांत खरंच काहीतरी यायला लागलं. पण सगळी सरमिसळ. अंगठ्याशेजारचं बोट दाबलं की मधल्यात कळायचं, मधलं दाबलं की कुठं ते उमगायचंच नाही. हे सांगायचं कुणाला? कागदावर तर मी कधीच पास झालो होतो.

गेल्या मंगळवारी माझं बिंग फुटलं.

डॉक्टरनं सुया लावल्या, चिमटे लावले. आधी कोपराखालची वीज सोडली, ती कळली. "आता हाताची," म्हणून दुसरं बटण फिरवलं. "आलं?"

"आलं."

"बोटांत?"

"अंगठ्याशेजारच्या दोन्ही बोटांत. मुंग्याच मुंग्या." मी दुसराच विचार करत होतो, तोंड आपोआप चालत होतं. तिनं आणखी फिरवलं. मी तोंड वाकडं केलं. "बस बस, जोरात येतंय."

तेवढ्यात सून पुढं आली आणि वाकून चादरीवरून काहीतरी उचललं. "डॉक्टर, ही वायर मशीनला लागलेलीच नाहीये."

तिच्या हातात वायरीचं टोक होतं. मशीनला त्या जागी नुसतं भोक. डॉक्टरनं टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावली असती तर परवडलं असतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "किती दिवस?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

तिनं सुया काढल्या. मधे भोक पाडलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं आणून माझा हात त्यात घातला आणि मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. दहा वेळा विचारलं. मी तीनदा बरोबर आलो. तिनं फाईलमधला रेघेचा कागद काढून उलटा ठेवला.

"तीन महिन्यांपूर्वी मी तुमचा बोट ओळखायचा सराव बंद करून चिंध्या चाचपून ओळखायचा दिला," ती म्हणाली. "तुम्ही पास झालात म्हणून. नेमकं तेव्हाच तुमच्या बोटांत जाणीव यायला लागली होती. तेव्हा चुकला असतात ना, तर मेंदूला काहीतरी शिकता आलं असतं. तुम्ही त्याला चुकूच दिलं नाहीत."

"आता?"

"आता परत पहिल्यापासून. येईल, पण किती येईल ते नाही सांगू शकत. रफूइतकं बारीक काम... नाही सांगू शकत, काका."

मी चादरीकडे बघत बसलो. आणि तेवढ्यात मागं हुंदका ऐकू आला.

"माझ्यासाठी केलं त्यांनी," सून डॉक्टरला सांगत होती. "मी सारखी रडायचे ना. माझ्या हातून झालं म्हणून. मला वाईट वाटू नये म्हणून बाबा खोटं बोलत राहिले. स्वतःच्या हाताचं वाटोळं करून घेतलं हो माझ्यापायी."

डॉक्टरचा चेहरा एकदम निवळला. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं असतं का काका? किती जीव लावाल?"

तेव्हा मी गप्प बसलो. हे मी सगळ्यात शेवटी सांगणार होतो, पण सांगून टाकतो. दोघी माझ्याकडे अशा काही मायेनं बघत होत्या, की क्षणभर मला वाटलं, असू दे. तेही पदरात पडतंय तर घ्यावं. जिना उतरलो, बसमध्ये बसलो. तिनं मला खिडकी दिली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो आणि मला माझीच किळस आली. चोरी केली ती केली, वर हारही घालून घेतला.

घरी आलो तर भिंगरी टेबलाशी बसली होती. आईचे लाल डोळे बघून म्हणाली, "आजोबांचा हात अजून नाही झाला बरा? बघ आई, तुझ्यामुळे." सून म्हणाली, "हो गं राणी, माझ्यामुळेच." आणि भाजी चिरायला घेतली.

त्या दिवशी पेपर हातात धरवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सून कोपऱ्यात उकिडवी बसून शर्टाची कॉलर दाबत होती. मी म्हणालो, "ती इस्त्री वर घे."

"नको बाबा."

"वर घे म्हणतोय ना! काच इस्त्रीनं फुटली नव्हती. मी फोडली. हात आपटून."

तिनं वर बघितलं. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर परत शेपूट घातलं असतं. "तू आत दोरे आणायला गेलीस, तेव्हा मी तुझ्या रफूत चूक शोधत होतो. मिळाली नाही. म्हणून आपटला. इस्त्रीचं तोंडाला येईल ते बोललो, आणि मग तेच धरून बसलो. आणि दवाखान्यात खोटं बोललो ते तुझ्यासाठी नाही. हात बरा झाला की हे कुणाला सांगावं लागणार नाही, म्हणून."

इस्त्री कॉलरवरच होती. जळका वास यायला लागला तशी तिनं ती उचलून फरशीवर ठेवली. मग विचारलं ते भलतंच.

"तो काळा कोट?"

"हो."

"चांगली झाली होती?"

"माझ्याहून चांगली," मी म्हणालो.

"दहा महिने मी सुईला हात लावला नाही, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या हाताला गुणच नाही. जिथं जातो तिथं नुकसान." ती रडली नाही. शर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "ह्यांना मी सांगेन फोनवर. डॉक्टरांना सांगायचं तर सांगा, नाहीतर राहू दे. पण भिंगरीला तुम्ही सांगायचं. आजच. आणि मी तिथं नसेन. मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही."

मी "माफ कर" म्हणालो. तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. कोपऱ्यातली इस्त्री उचलून तिनं प्लायवूडवर ठेवली. दणकन ठेवली.

संध्याकाळी ती सामान आणायला बाहेर पडली. भिंगरी चिंध्यांचा डबा घेऊन माझ्यासमोर बसली, कारण सरावात डॉक्टर होण्याची तिला फार हौस. "आजोबा, डोळे मिटा."

"थांब. आधी एक ऐक." मी सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं गोड करून सांगायला गेलो, पण ते गोड होईना. रागावलो, हात आपटला, काच फुटली, आईचं नाव सांगितलं.

"म्हणजे इस्त्रीनं नाही फुटली?"

"नाही."

"आईनं काहीच नव्हतं केलं?"

"काहीच नाही."

हातातली मखमलीची चिंधी तिनं डब्यात टाकली. "पण मी तर आईला रोज म्हणते, तुझ्यामुळे झालं."

"हो."

"मी म्हणायचे तेव्हा तुम्ही तिथंच असायचात."

मला वर बघता आलं नाही. "असायचो," मी म्हणालो.

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मी हाक मारली, ती वळली नाही. आई आली तशी तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली, दोघी आत गेल्या. आतून बराच वेळ भिंगरीचं रडणं ऐकू येत होतं आणि मधेमधे सुनेचं "असू दे, असू दे." मी हात टेबलावर ठेवून बसून होतो. उठावं की बसावं तेही कळेना.

काही वेळानं सून बाहेर आली. खुर्ची ओढून बसली. ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली, आणि या खेपेला घट्ट बांधली. खालून काही दिसत नव्हतं. बोटाला कुठंतरी स्पर्श झाला.

"कुठलं?"

मी जीव एकवटून शोधलं. "अंगठ्याशेजारचं."

"चूक," ती म्हणाली. "मधलं होतं. सोडा ओढणी, बघा. आता बांधते. परत."

तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. दुकानात मी म्हणायचो तसंच म्हणाली. तिनं दहा वेळा विचारलं, मी सात वेळा चुकलो. भिंगरी दारात उभी राहून मोजत होती.